काचेला खटका नाही

७ जानेवारी, कुंभार पिंपळगाव

पोचले एकदाची. परतूरपर्यंत रेल्वे, चाळीस मिनिटं लेट. पुढे जीप. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय करता? म्हटलं, पुण्यात नोकरी. विमान चालवते म्हणाले असते तर पिंपळगाव येईपर्यंत सुटका नव्हती. आणि आज तसं म्हणवतही नव्हतं. मागच्या गुरुवारी सिम्युलेटरच्या परीक्षेत नापास झाले. अकरा वर्षं विमान उडवल्यावर.

अण्णांना सांगितलेलं नाही. रजेवर आलेय, एवढंच. अण्णांना दिसत नाही, पण ऐकू जरा जास्तच येतं. "आवाज बसलाय तुझा, माय. सर्दी हाय का?"

हो म्हटलं. वडलांशी खोटं बोलायला छत्तिसाव्या वर्षीही जड जातं.

८ जानेवारी

नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातलं भुणभुणणं थांबेल.

कंपनीचं जुनं विमान विकलं गेलंय. दोन इंजिनं, नऊ सीटा. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. तिच्यात समोर नुसती बटणं, नॉब, दांडे. नवीन आलंय त्यात समोर काचच काच. रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायची तरी काचेवर बोटाने आकडे टाकायचे आणि शेवटी 'एंटर'.

परीक्षेत एक इंजिन बंद केलं. ऑटोपायलट काढून घेतला. शेजारच्या पायलटला खोटं खोटं आजारी पाडलं. हवा खवळलेली. त्यात टॉवरने नवीन फ्रिक्वेन्सी दिली. आकडे टाकले, एंटर दाबायचं राहिलं. मी मात्र दाबलंच असं धरून बोलत राहिले. उत्तर कुठलं येणार? मान खाली घालून काचेत चूक शोधत बसले, तोवर विमान तीनशे फूट खाली सरकलं होतं.

परीक्षक म्हणाले, "मान अकरा सेकंद खाली होती, कॅप्टन." मग जरा हळू आवाजात, "आणि मधेच तुमचा उजवा हात हवेत काहीतरी फिरवत होता."

म्हातारीचा रेडिओचा नॉब फिरवत होता. तिथे आता काहीच नाहीये हे हाताला कोणी सांगितलेलं नाही.

दुसरी आणि शेवटची संधी २९ तारखेला. त्यातही गेले तर काचवाली मिळणार नाही, म्हातारी तर चाललीच. मग ऑफिसात टेबल-खुर्ची. उडणं संपलं.

९ जानेवारी

संतोषने दिवाळीत घराचे सगळे बोर्ड बदलले. काळी काच, वर पांढरी चित्रं, बोट लावलं की बीप. माझा भाऊ हौशी आहे आणि मनाने चांगला आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे.

अण्णा एकतीस वर्षं वायरमन. काचबिंदूने डोळे जायला लागले तेव्हाही घरात कधी अडखळले नाहीत. खोल्या त्यांना खटक्यांवरून पाठ होत्या. खटका म्हणजे बटण, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. स्वयंपाकघराचा खटका घट्ट, ओट्यावरचा ढिला, मधल्या खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर पाच खटक्यांचा.

आता तळहात काचेवर पडला की एकदम तीन दिवे लागतात आणि वर पंखा. लावलं तरी बीप, बंद केलं तरी बीप. आज सकाळी उठून पाहते तर अण्णा घोंगडी पांघरून पंख्याखाली बसलेले. जानेवारीत.

"अण्णा, पंखा चालूय."

"ठाऊक हाय. बंद कराया गेल्तो, तं जास्तच जोरात झाला. म्हटलं ऱ्हाऊ दे आता, अजून हात लावला तं छप्पर उडायचं."

मी हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

त्यांचे डोळे काचबिंदूने गेले, माझं उडणं काचवालीपायी चाललंय. बाप-लेकीच्या वाट्याला काचच.

११ जानेवारी

आज कहर. दुपारी अण्णा आणि मी तूर पाखडत बसलेलो. मधल्या खोलीतला दिवा आपोआप लागला, विझला, परत लागला. अण्णांनी बीप ऐकली आणि ताडकन उठले. "कोण हाय? कोण हात लावून राह्यलं?"

कोणी नव्हतं. पाच मिनिटांनी संतोषचा फोन. पुण्यात ऑफिसात बसून मोबाइलवरून तपासत होता, सगळं चालतंय का.

अण्णा त्याला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाबा, इथं माणूस काम करून राह्यलेला असू शकतो. न विचारता लाईन द्यायची न्हाई." संतोष हसला असणार. मला शेषरावकाका आठवले. अण्णांचे जोडीदार. ते खांबावर असताना खाली गावातल्या कोणीतरी, पिठाची गिरणी खोळंबली म्हणून, डीपीच्या पेटीतली फ्यूजची ग्रिप परत बसवून लाईन चालू केली होती. काका वाचले. उजवा हात गेला.

तेव्हापासून अण्णांचा नियम. डीपीवरच्या चिनी मातीच्या ग्रिपा काढायच्या आणि स्वतःच्या खिशात घालून मगच खांबावर चढायचं. खाली कितीही घाई असो, ग्रिपच नाही तर लाईन देणार कशी?

१३ जानेवारी

भिंतीवर काचवालीचा नकाशा चिकटवला. चार ड्रॉइंग पेपर जोडून, पेनाने चौकोन. समोर लाकडी खुर्ची. रोज दोन तास. शेजारच्या सुमनमावशी भाकरी घेऊन आल्या, दारातच थांबून बघत राहिल्या. "उजा, कागदाला काहून बोटं लावून राह्यली गं?" म्हटलं, अभ्यास. "पायलट झाल्यावर बी?" म्हटलं, हो, पायलट झाल्यावर बी.

कागदावर सगळं बरोबर येतं. कागद हलत नाही ना.

म्हातारीची फार आठवण येते. माणसाची यावी तशी येते, लिहायला लाज वाटते पण येते. पहिल्या वर्षी डोळ्यांना रुमाल बांधून बसवलं होतं आम्हाला. इन्स्ट्रक्टर नाव घेणार, आपण न बघता हात लावायचा. चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखं गोल. फ्लॅपचा चपटा, पंखासारखा. रेडिओचा नॉब कडेने खाचा असलेला, एका खटक्याला एक आकडा. ११८ वरून १२१ वर जायचं तर तीन खटके. टक, टक, टक. ढगात, विजांत, पेशंटला ऑक्सिजन लावून नेताना, बाहेर बघत बघत. अकरा वर्षांत मी त्या नॉबकडे कितीदा पाहिलं असेल? दहादा?

१५ जानेवारी

सकाळी वाण्याकडून येते तर घरात लाईट नाही. शेजारी आहे, आपल्याकडेच नाही. मोबाइलवरून संतोषला, संतोषने गावातल्या नव्या वायरमनला, तो पोरगेलासा अर्ध्या तासात हजर. मीटरच्या पेटीत बघून म्हणाला, "मॅडम, मेनची ग्रिपच गायब हाय. चोरी झाली का काय?"

ग्रिप चोरून कोण काय करणार? अण्णांना विचारायला मागच्या पडवीत गेले. अण्णा स्टुलावर उभे. नवा काचेचा बोर्ड उकलून खाली गोणपाटावर नीट ठेवलेला. हातात जुना काळा खटका, माळ्यावरच्या डब्यातून काढलेला. वायरी बोटांनी चाचपून स्क्रू पिळत होते. आणि सदऱ्याचा खिसा एका बाजूला लोंबलेला.

"अण्णा, ग्रिप?"

"खिशात," म्हणाले, मान न वळवता.

तो वायरमन बघतच राहिला. मग चप्पल काढून आत आला, स्टूल धरून उभा राहिला. अण्णांनी त्याला वायर कुठली ते विचारलंसुद्धा नाही. खटका बसवला. दोनदा वर-खाली केला. लाईन नव्हती, तरी ऐकून घेतला. टक. टक. त्यांचा चेहरा असा झाला की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

घरभर एकच जुना खटका आहे आता, पडवीतला. तिथे जाऊन अण्णा उगाच दिवा लावतात, विझवतात.

१६ जानेवारी

संतोषशी फोनवर भांडण. "मी एवढ्या हौशीनं केलं अन् त्यांनी उकलून ठेवलं?" मी बोलायचं ते बोलले, नको तेही बोलले. तो म्हणाला, "ताई, तू स्वतः टचस्क्रीनचं विमान उडवतेस. तू तरी नको बोलू." त्याला काय माहीत.

१८ जानेवारी

म्हातारी आज गेली. विकत घेणाऱ्यांचे पायलट तिला पुण्याहून हैदराबादला नेत होते, तिथून पुढे देशाबाहेर. मेन्टेनन्सच्या फिलिप अंकलचा मेसेज, अकराला उडाली.

मोबाइलवर तिचं ठिपक्याएवढं चित्र सरकताना दिसत होतं. बार्शी. मग आणखी दक्षिणेला. इकडे येणारच नव्हती, मला ठाऊक होतं. तरी गच्चीवर गेले. अण्णा कठडा धरून मागून आले. "काय बघून राह्यली?"

"माझं विमान चाललंय, अण्णा. जुनं."

त्यांनी मान वाकडी करून कान दिला. "येऊन राह्यला आवाज. दोन इंजिनं हायेत बराबर."

ती गिरणी होती.

मग त्यांनी म्हटलं, अगदी साधेपणाने, "तू मला त्याच्यात बसवणार हुती."

हो. नोकरी लागली त्या वर्षी म्हणाले होते. तेव्हा त्यांना दिसत होतं. मग पुढच्या वर्षी, मग आईचं आजारपण, मग आई गेली, मग डोळ्यांचं ऑपरेशन, मग दिसत नाही तर नेऊन काय करू असं मी मनात म्हटलं आणि विषय सोडून दिला. हात लावून तरी बघितलं असतं त्यांनी. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ठिपका दिसेनासा झाला तरी दोघं उन्हात उभे होतो.

२० जानेवारी

सांगून टाकलं. नापास, २९ तारीख, सगळं.

अण्णांनी दाढी खाजवली. म्हणाले, "सर्दी न्हाई म्हणजे." मग, "चूक काय झाली, बराबर सांग. पहिल्यापासून."

सांगितलं. आकडे टाकले, एंटर राहिलं, दाबलं असं वाटलं.

"वाटनारच. खटका लागला न्हाई की मनात खटका ऱ्हातो. अन् तुझ्या काचेला खटकाच न्हाई, मंग हाताला कळावं कशावरून?"

म्हणाले, आता त्या म्हातारीत काय कुठं होतं ते सांग. नकाशाची खुर्ची ओढून त्यांना बसवलं. चाकांचा दांडा म्हणून गोल झाकण दिलं हातात, फ्लॅपसाठी उलथनं, आणि त्यांचा हात धरून दाखवत गेले. हे इथे, हे डोक्यावर, हे गुडघ्यापाशी. एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नव्हते. तिसऱ्या फेरीला मी नाव घ्यायचं, ते हात लावायचे. एकही चुकलं नाही.

"हे तं आंधळ्यासाठीच बनवलेलं दिसतंय," म्हणाले. खूप खूश.

मला इतकं वाईट वाटलं की काय लिहू. डोळे गेले तेव्हापासून दोन वर्षं उशीर. दोन दिवस उशीर.

२२ जानेवारी

पौर्णिमा असती तर विहारात गेलो असतो, अण्णांना वाटतं तिथे बसलं की डोकं जागेवर येतं. नाहीये, तरी गेलो. वाटेत हरभऱ्याच्या रानातून आलो. घाटे भरलेत. परत येऊन दोन तास काच.

टॅबलेटवर सराव करतेय आता, कागद सोडला. अण्णा बाजूला बसतात. त्यांना दिसत नाही म्हणून मी जे करते ते बोलून दाखवावं लागतं. आज फ्रिक्वेन्सी टाकली आणि गप्प झाले, तर म्हणाले, "मंग? लागला का?" बघते तर एंटर दाबलेलं नव्हतं. पुन्हा तीच चूक. घरात बसून, हरभरा खात खात.

२४ जानेवारी

परतूरहून कुरिअर घेऊन आले. इकडे पिंपळगावात आणून देत नाहीत. फिलिप अंकलनी पाठवलं होतं. जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेला म्हातारीचा रेडिओ नॉब. पाच-सहा वर्षांपूर्वी चीर गेली म्हणून बदलला होता, तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला. कागदावर इंग्रजीत दोन शब्द, 'तुझाच आहे.' खरंच आहे. कडेच्या खाचा माझ्याच अंगठ्याने झिजल्यात.

जीपमध्ये मुठीत धरून आले. खटका नाही लागत आता, नुसता गोल तुकडा. तरी अंगठा आपोआप तीनदा फिरला.

अण्णांच्या हातात दिला. त्यांनी खाचा मोजल्या. नाकाशी धरला, वास घेतला. "तुझ्या हाताचा वास हाय," म्हणाले. तसं काही नसणार. पण असेल म्हटलं. रात्री जेवेपर्यंत त्यांच्याच हातात होता.

२५ जानेवारी

नवीन पद्धत, अण्णांची. एंटर दाबलं, काचेवर आकडा वर सरकलेला डोळ्याने पाहिला, की तोंडाने म्हणायचं "खटका". मोठ्यांदा. म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिल्यांदा हसू आलं. कॅप्टन उज्ज्वला, सिम्युलेटरमध्ये, "खटका." शेजारचा पायलट बंगाली आहे, त्याला वाटेल मी शिवी दिली.

चाळीसदा केलं. चाळीसात दोनदा राहिलं. दोन्हीदा अण्णांनी विचारायच्या आधी मलाच कळलं, कारण तोंड गप्प होतं.

सुमनमावशी दारातून, "बाप-लेक दिवसभर खटका खटका काय करून राह्यलेत?" अण्णा म्हणाले, "इमान उडवून राह्यलो. जल्दी आत या, न्हाई तं दार लावून घेतो."

२६ जानेवारी

पंचवीस वेळा. एकदाही नाही राहिलं. पण खुर्ची हलत नाही, इंजिन बंद पडत नाही, कोणी वही घेऊन मागे बसलेलं नाही. किती खरं मानायचं?

संतोषचा फोन. त्याने बाकीचे जुने खटके शोधायला सांगितले, पुढच्या शनिवारी येऊन स्वतः बसवतो म्हणाला. "काच माझ्या खोलीत राहू दे तेवढी." बरं म्हटलं. मग त्याला परीक्षेचं सांगितलं. तो म्हणाला, "आधी सांगायचं ना, ताई. मी त्या दिवशी काहीतरी बोललो." अण्णा बाजूला बसून ऐकत होते, मुद्दाम खोकले.

आज दहा वर्षांची असतानाचं आठवलं. उन्हाळ्याची सुट्टी, अण्णा खांबावर, मी डीपीखाली. ग्रिप कोणाच्या हातात द्यायची नाही हा नियम, पण त्या दिवशी त्यांचा खिसा उसवलेला होता. तिन्ही ग्रिपा माझ्या फ्रॉकच्या खिशात घातल्या. इतक्या जड की फ्रॉक एका बाजूला ओढला जात होता. वरून दर थोड्या वेळाने हाक, "उजे, ग्रिप?" आणि मी जीव तोडून, "खिशात!" सगळा गाव हसत होता. मी दोन्ही हातांनी खिसा धरून ठेवला होता. मला माहीत होतं की मी सोडला तर अण्णा मरतील.

२७ जानेवारी

निघाले. बॅग भरताना अण्णा बाजूला बसलेले, एकेक कपडा चाचपून घडी घालून देत होते. युनिफॉर्मचा शर्ट हातात आला तेव्हा थांबले. खांद्यावरच्या चार पट्ट्या बोटाने मोजल्या. नॉब मी त्या शर्टाच्या खिशात ठेवला होता, परीक्षेला जवळ असावा म्हणून. शर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवला, चेन लावून दिली.

जीपपर्यंत आले. हातात काठी, पण टेकवत नव्हते. म्हटलं, येते अण्णा. "हां. घाई करू नको," म्हणाले. पास हो वगैरे काही नाही.

मला ते विमान हवंय. म्हातारी नाही मिळणार, काचवाली तरी हवीय. खाली राहायचं नाहीये मला. जीपमध्ये हे इतकं स्पष्ट कळलं की भीती वाटली.

२९ जानेवारी, सकाळ

सिम्युलेटरच्या इमारतीत बसलेय. पावणेदहाला बोलावतील. तेच परीक्षक.

सकाळी शर्ट घातला तर खिसा रिकामा. बॅग उपसली, उशी, पिशव्या, बूट. नॉब नाही. जीपमध्ये पडला? गाडीत? दहा मिनिटं तशीच पलंगावर बसून. मग परवा अण्णांनी चेन लावून दिलेली आठवली.

इथे आल्यावर फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अण्णा, नॉब?"

तिकडून लगेच, जीव तोडून, सुमनमावशींच्या घरापर्यंत ऐकू जाईल असा आवाज.

"खिशात!"

मग हळू म्हणाले, "तू वर जा, माय. तू खाली उतरेस्तोवर मी काढत न्हाई."

दार उघडलं. नाव घेतायत.